परका माणूस आणि आपला राग
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस वेचायला मध्य प्रदेशातून मजूर येतात. आपल्यातलेच काही म्हणतात, यांना गावात शिरू देऊ नका, यांनी वेचणीचा भाव पाडला. गावच्या मजूर बाया हे म्हणतात तेव्हा त्यात तथ्य आहे, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण म्हणतो आपण जमीनवाले! आणि बोलावतोही आपणच.

हा राग येतो कुठून? मुंबईचं बघा. १९६६ साली शिवसेना निघाली तेव्हा पहिला राग होता दाक्षिणात्यांवर. इंग्रजी आणि टायपिंग शिकून आलेला पोरगा कचेरीत लागायचा, मॅट्रिक झालेलं मराठी पोरगं दाराबाहेर. त्या पोराचं दुःख खोटं नव्हतं. पण जागा इतक्या थोड्या का, हा प्रश्न अवघड. लुंगीवाला मात्र समोर दिसत होता.

आणि गिरणगावातला मराठी कामगार तरी मूळचा मुंबईचा होता का? तो रत्नागिरीचा, साताऱ्याचा. शेतीत भागेना म्हणून आलेला, आपल्यासारख्याचाच पोर. १९८२च्या जानेवारीत संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हजारोंना पुन्हा काम मिळालं नाही. ते काम कोणा भय्याने नेलं नव्हतं. गिरण्यांच्या जमिनीवर पुढे टॉवर उभे राहिले. टॉवरच्या दारात पहारेकरी असतो, तिथे कोण जाणार? २००८ साली मार खाल्ला तो टॅक्सीवाल्यांनी आणि रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांनी.

ती पोरं इथवर का आली? लोखंडाच्या आणि कोळशाच्या खाणी तेव्हाच्या बिहारात. पण १९५०च्या दशकापासून चाळीसेक वर्षं दिल्लीचं धोरण असं, की पोलाद खाणीशेजारी घ्या नाहीतर मुंबईत, भाव एकच. मग कारखाना तिकडे कोण काढतो? कारखाने बंदराकडे आले, मागोमाग पोरं आली. सरकारने भाव बांधून कोणाचं कसं मारायचं, हे आपल्याला नवं नाही. १९७२ पासून एकाधिकार खरेदीत आपला कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी होती, आठवतं ना?

आज आपली पोरं पुण्याला, सुरतेला आहेत. तिथे ती परकीच.

तर वेचणीचं बोलू. दसऱ्याआधी प्रत्येक गावाने बसून किलोमागे एकच दर ठरवावा, गावच्या बायांना तोच आणि बाहेरून येणाऱ्यांनाही तोच. कमी दरात बाहेरचा मजूर आणणारा आपलाच कोणी निघाला, तर जाब त्याला विचारायचा. कोणत्या गावाची तयारी आहे, हात वर करा.