ज्याने घडवली, त्याला विचारा



कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्त्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी एका श्रीमंती मोटारीवर बोलणार आहे. मी नववीतून शाळा सोडली आणि पत्राकामाच्या खात्यात शिरलो. पुढे जे थोडेबहुत वाचन झाले ते दुपारच्या सुटीत आणि लोकलच्या डब्यात. तेव्हा पांडित्याची अपेक्षा ठेवू नका. पत्रा ठोकणाऱ्याला पत्र्यातले कळते, एवढाच माझा अधिकार.

ही मोटार म्हणजे अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीची १९५३ सालची 'कॅरिबियन'. कापडी छप्पर मागे दुमडून ठेवावयाचे आणि उघड्या हवेत फिरावयाचे, अशी ही गाडी. लांबलचक बोनेटखाली एका ओळीत आठ सिलिंडरांचे १८० अश्वशक्तीचे इंजिन आणि तारांची चाके. त्या साली अशा अवघ्या ७५० गाड्या निघाल्या. किंमत ५,२१० डॉलर. ती करणाऱ्या कामगाराने वर्षभराची सारी कमाई ओतली असती तरी ती त्याच्या दारी आली नसती. आज ज्या उरल्या आहेत त्या हौशी संग्राहक विकत घेतात, सुट्या करतात आणि नव्यासारख्या करून प्रदर्शनात मांडतात.

पॅकार्डचे एक जाहिरातवाक्य फार गाजले होते : "ज्याच्यापाशी ही गाडी आहे, त्याला विचारा." मालकाचा शब्द हाच मालाचा पुरावा! मी म्हणतो, ज्याने ती घडवली त्यालाही कधी विचारा की!

आता विचारावयाचे तर कोणाला? पॅकार्डचा मोठा कारखाना डेट्रॉइटच्या ईस्ट ग्रँड बुलेवार्डवर होता. पत्र्याची बॉडी त्या काळी ब्रिग्स नावाच्या दुसऱ्या कंपनीत होई. आणि नेहमीच्या उघड्या पॅकार्डची 'कॅरिबियन' करण्याचे काम मिशिगन राज्यातल्याच आयोनिया गावी, मिचेल-बेंटली या तिसऱ्याच कंपनीत चाले. तीन ठिकाणचे हात लागले, तेव्हा एक गाडी झाली. बोनेटवर नाव मात्र एकच.

छप्पर काढले की गाडीची बळकटी जाते. ती लवू नये म्हणून खालची चौकट आडव्यातिडव्या पोलादी पट्ट्यांनी मजबूत करावी लागते. वर बसणाऱ्याला मोकळे आकाश, आणि भार सगळा खाली! त्या काळी पत्र्याच्या सांध्यांत वितळलेले शिसे भरीत, लाकडी पट्टीने सारखे करीत आणि कानशीने घाशीत. पाहणाऱ्याला सांधा दिसत नसे. ते शिसे धुळीवाटे कामगाराच्या छातीत जाई. तेही कोणाला दिसत नसे.

आता जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्या कारागिराबद्दल बोलतो. त्याची मी थट्टा करणार नाही. एकेक बोल्ट काढून त्याला चिठ्ठी बांधावयाची. गंज काढून जेथे पत्रा सडला तेथे नवा जोडावयाचा. क्रोमची झळाळी आणण्यासाठी खाली तांबे, त्यावर निकेल आणि मग क्रोम चढवावयाचे. हजारभर तास सहज जातात. इंजिनावर ठोकलेला क्रमांक मूळचा आहे की नाही, यावर भाव ठरतो. जुन्या कारखान्यांत तपासनीस पास केलेल्या भागावर खडूची किंवा रंगाची खूण करीत. चोखंदळ कारागीर त्या खुणाही शोधतात आणि जशाच्या तशा पुन्हा रंगवतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. कामगाराच्या हातची खूण जपली गेली. तो कामगार कोण होता हे मात्र कोणी लिहून ठेवले नव्हते.

त्या हातांचे पुढे काय झाले? १९५४ साली पॅकार्ड आणि स्टुडबेकर या दोन कंपन्या एक झाल्या. १९५६ मध्ये डेट्रॉइटमधले पॅकार्डचे मोटार उत्पादन थांबले. १९५८ नंतर ते नावही गेले. डिसेंबर १९६३ मध्ये याच जोडकंपनीने इंडियाना राज्यातला साउथ बेंडचा मोटारकारखाना बंद केला, तेव्हा पेन्शनच्या निधीत पुरेसा पैसा नाही असे उघड झाले. साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ वयाच्या, दहा वर्षे नोकरी झालेल्या सुमारे चार हजारांना हक्काच्या रकमेतले रुपयामागे पंधरा पैसे या मानाने मिळाले. त्यांच्याहून तरुण असलेल्यांच्या हाती काहीच आले नाही. या अनुभवाची चर्चा अमेरिकेत दहा वर्षे चालली आणि सप्टेंबर १९७४ मध्ये तेथे पेन्शनच्या संरक्षणाचा कायदा झाला. गाडी पुन्हा उभी करता येते; गेलेले म्हातारपण कसे उभे करणार?

पण आपलाही गंज लपवू नये. जून १९४३ मध्ये याच पॅकार्डच्या कारखान्यात तीन काळ्या कामगारांना बढती मिळाली म्हणून सुमारे पंचवीस हजार गोऱ्या कामगारांनी काम बंद केले. युनियनच्या वरिष्ठ नेत्यांनी त्या संपाला विरोध केला, हे खरे; पण संप कामगारांनीच केला होता. घडवणाऱ्याला विचारावयाचे तर हेही ऐकावे लागेल. नुसते वरून रंग देणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

अमेरिकेतली ही कथा मला जवळची का वाटली, ते सांगतो. आमचा कारखाना बंद पडला तेव्हा जुने हजेरीपट रद्दीत गेले. भविष्यनिर्वाह निधीसाठी नोकरीची वर्षे सिद्ध करावयाची वेळ आली, तेव्हा वीस-वीस वर्षे राबलेली माणसे ट्रंकेतून फाटके गेटपास काढून आणीत होती. एकाजवळ काहीच नव्हते. त्याने माझ्यापुढे आपले हात धरले. कचेरीत तो पुरावा चालत नाही!

मोटारीचा जुना क्रमांक जपणाऱ्याला माझा नमस्कार आहे. माझे मागणे एवढेच की, गाडीशेजारच्या फलकावर मालकांची नावे आणि किंमत लिहिता, तेथे ती कोणत्या गावच्या, कोणत्या खात्यातल्या माणसांनी केली हेही लिहा. आणि माझ्या कामगार बंधुभगिनींनो, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. मुलांना खात्याचे नाव आणि हातातले काम सांगून ठेवा. ईस्ट ग्रँड बुलेवार्डचा तो कारखाना कित्येक वर्षे ओस पडून होता. २०२२ साली त्याचे पाडकाम सुरू झाले. भिंती गेल्यावर विचारावयाचे ठिकाण उरते ते माणसांच्या आठवणीत.