गिऱ्हाईक वाढते तेव्हा



धंद्याला गिऱ्हाईक मिळत नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. तिच्यावर उपाय सांगणारेही पुष्कळ भेटतात. आज मला बोलायचे आहे ते नेमके उलट्या संकटाविषयी. गिऱ्हाईक येते, एकदम येते, आणि त्या गर्दीतच चांगला चाललेला छोटा धंदा बुडतो. चालले नाही म्हणून दुकान बंद पडले, तर त्यात नवल नाही. पण फार चालले म्हणून बंद पडले, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

एक हिशेब करून पाहू. समजा, एक बाई घरी मसाला करून रोज १,००० रुपयांचा विकतात. साहित्याला ६०० रुपये लागतात. विक्री रोखीची, संध्याकाळी ४०० रुपये पदरात पडतात. पुढे मसाल्याचे नाव होते. परभणीचे दुकानदार माल मागू लागतात, आणि रोजची विक्री ५,००० रुपयांवर जाते. घरात आनंदीआनंद! पण दुकानदार पैसे देणार महिन्याने. साहित्य मात्र रोज ३,००० रुपयांचे, तेही रोखीने आणायचे. म्हणजे पहिला रुपया हाती येण्यापूर्वी ९०,००० रुपये घातलेले असले पाहिजेत. ते कोठून आणायचे? वहीत नफा आणि गल्ल्यात खडखडाट, अशी ही अवस्था. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ असे आपले वाडवडील म्हणत आले, ते उगीच नव्हे.

ही झाली पैशाची ओढ. दुसरी ओढ हातांची. काम वाढले की नवे हात येतात. ते घाईने शिकतात, आणि चव बदलते. जुने गिऱ्हाईक त्यावर भांडत बसत नाही. ते मुकाट्याने दुसऱ्या दुकानाची पायरी चढते.

मग वाढायचेच नाही की काय? तसे मुळीच नाही. मुंबईतल्या लिज्जत पापडाची हकीकत पाहा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवसाचा माल अवघी चार पाकिटे. त्यांना छगनलाल करमशी पारेख या समाजसेवकांचे मार्गदर्शन लाभले. बायका आरंभी दोन प्रतींचे पापड करीत. हलक्या प्रतीचा स्वस्त विकावा, असा विचार. पारेखांनी सांगितले, प्रत एकच ठेवा, तीत तडजोड नको, आणि हिशेब चोख ठेवा.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढल्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! अडचण नेमकी कोठे आहे ते ओळखले, तर उपाय कधीकधी इतका साधा असतो.

तिसऱ्या वर्षाअखेर बायका तीनशेवर गेल्या. त्या बसणार कोठे? कोणी म्हणेल, मोठी जागा घ्या, कर्ज काढा. त्यांनी निराळेच केले. पीठ संस्थेतच भिजवायचे आणि ते बायकांनी घरी नेऊन लाटायचे. तयार पापड परत आले की त्यांचे वजन आणि पाकिटबंदी पुन्हा संस्थेत. चव ठरते ती पिठात, म्हणून पीठ स्वतःच्या हाती ठेवले. जागा अडते ती लाटण्यात, म्हणून लाटणे घरोघर वाटून दिले. पुढे या कामात हजारो स्त्रिया आल्या, तरी पापडाची चव घरोघर बदलली नाही. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

येलदरीकरांना ही युक्ती परकी वाटू नये. पूर्णेवरचे आपले धरण १९६८ साली पुरे झाले. पाणी साठते येथे, आणि कालव्यांना लागते ते खालच्या सिद्धेश्वर धरणातून. साठवण एका जागी, वाटप दुसऱ्या जागी. आणि धरणाचे दरवाजे? ते पूर येण्याआधीच बसवलेले असतात. पूर आल्यावर दरवाजे बसवायला कोणी जात नाही.

तुमची खाणावळ असो, शिवणकाम असो की पिठाची गिरणी. गर्दी होण्याआधी तीन गोष्टी ठरवून ठेवा. माझ्या मालाचा जीव कोणत्या कामात आहे? ते काम दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नका. उधारी किती रुपयांपर्यंत आणि किती दिवसांची? तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि दिवसाला जास्तीत जास्त किती माल देता येईल? त्यापुढच्या मागणीला ‘पुढल्या आठवड्यात देतो’ असे गोड शब्दांत सांगायला लाजू नका. आठवडाभर थांबलेले गिऱ्हाईक परत येण्याची आशा असते. एकदा फसलेल्याची ती धरू नये.

मोठ्या शहरात एक गिऱ्हाईक तुटले तर दुसरे मिळते. आपल्या गावात तीच माणसे पुन्हा आठवड्याच्या बाजारात भेटतात, लग्नकार्यात शेजारी जेवायला बसतात. येथे दुकानाबरोबर माणसाचा शब्दही पणाला लागलेला असतो. गिऱ्हाईक वाढावे, अवश्य वाढावे. पण आपल्या शब्दाला पेलेल इतक्याच वेगाने वाढावे, एवढेच माझे आपणांपुढे मागणे आहे.