श्रद्धा वकिलाची, दावा अशिलाचा



न्याय आणि धर्म यांची गोष्ट निघाली की आपल्याला रामशास्त्री प्रभुणे आठवतात, प्रार्थना समाजातले न्यायमूर्ती रानडे आठवतात. पण हे दोघेही न्यायासनावर बसलेले. न्यायाधीशाला कुणाची बाजू घ्यायची नसते, म्हणून त्याचे काम आणि त्याची सद्सद्विवेकबुद्धी एका वाटेने जाऊ शकतात. वकील मात्र वकीलपत्र घेतो त्याच क्षणी एका बाजूचा होतो. मग देव मानणाऱ्याने वकिली करायची कशी?

याचे उत्तर मी बॅरिस्टर गांधींच्या वकिलीत शोधतो. १८९१ साली ते लंडनला बॅरिस्टर झाले, १८९३ साली व्यापारी दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथेच त्यांची वकिली बहरली. गीतेतला अपरिग्रह समजून घेताना आपल्याला स्नेल यांचे इक्विटीवरचे, म्हणजे समन्यायाच्या तत्त्वांवरचे, पुस्तक उपयोगी पडले, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. त्यातून त्यांना विश्वस्ताचा अर्थ उमगला: विश्वस्ताच्या हाती कोट्यवधींची मालमत्ता असते, पण त्यातली एक पैही त्याची नसते. मला वाटते, अशिलाचा दावाही असाच वकिलाकडे सोपवलेला असतो. वकिलाने तो लोभापायी बुडवू नये, तसाच स्वतःच्या पुण्यासाठीही उधळू नये.

जोहान्सबर्गच्या एका खटल्यात अशिलाने आपल्याला फसवले आहे, हे गांधींच्या ध्यानात आले. साक्षीच्या पिंजऱ्यात तो पुरता कोलमडला. गांधींनी युक्तिवाद न करता दावा फेटाळावा, अशी मॅजिस्ट्रेटला विनंती केली. आजचा वकील विचारील, हा अशिलाचा विश्वासघात नव्हे काय? एक गोष्ट विसरू नका. खोटा दावा घेणार नाही, साक्षीदार पढवणार नाही, हे ते प्रत्येक नव्या अशिलाला आधीच बजावत. अट मान्य करूनच तो माणूस आला होता.

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे. लवादाचा निवाडा गांधींच्या अशिलाच्या बाजूने लागला होता, पण हिशेबात जमेच्या बाजूला नावेची रक्कम पडली होती. प्रतिपक्षाने निवाड्याला हरकत घेतली होती, पण वेगळ्या कारणांवरून. गांधींच्याच बाजूच्या ज्येष्ठ वकिलांचे म्हणणे असे की, अशिलाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कबूल करायला वकील बांधलेला नाही. चूक कबूल करायची असेल तर ते उभे राहायला तयार नव्हते. गांधींचे मत उलटे होते. निवाडा रद्द होण्याचा धोका होता आणि धोका अशिलाचा होता. म्हणून निर्णयही त्याचाच राहिला. हरायची तयारी ठेवून, देवावर भार टाकून, त्याने गांधींना उभे केले. न्यायाधीशांनी आधी लबाडीचा संशय घेतला. पण गांधींचे म्हणणे पटल्यावर चूक दुरुस्त करून निवाडा कायम केला.

पारसी रुस्तमजी तर गांधींचे मित्रच. मुंबई-कलकत्त्याहून येणाऱ्या मालावरची जकात चुकवताना ते सापडले. गांधींनी त्यांना कबुलीचा सल्ला दिला, पण कबुली दिली गेली ती रुस्तमजींच्या संमतीनेच. चुकवलेल्या रकमेची दुप्पट भरून प्रकरण मिटले आणि त्यांनी त्याची हकिगत चौकटीत घालून आपल्या कचेरीत टांगली.

या तिन्ही प्रसंगांत श्रद्धेने वकिलाचे हात बांधले, अशिलाचे तोंड दाबले नाही. हा भेद सुटला की श्रद्धा अहंकार होते. आरोपी पापी आहे, माझा धर्म मला त्याचे वकीलपत्र घेऊ देत नाही, असे म्हणणारा वकील न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो, तेही पुरावा न ऐकता. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम म्हणतात की आरोपी दोषी आहे की नाही याबद्दलचे स्वतःचे मत बाजूला ठेवून बचाव करावा, मात्र न्याय्य आणि सन्मान्य मार्गांनीच. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातला आरोपी कसाब याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने राजू रामचंद्रन यांना न्यायमित्र नेमले. २०१२ साली फाशी कायम झाली. ज्याच्याबद्दल कुणाला दया वाटत नव्हती त्याचीही बाजू मांडली गेली, म्हणूनच त्या शिक्षेला न्यायाचे नाव देता येते.

या सभागृहात सनद नुकतीच मिळालेले काही तरुण दिसत आहेत. त्यांना एवढेच सांगतो. कचेरीत देवाची तसबीर लावा किंवा लावू नका. पण पहिल्याच भेटीत अशिलाला सांगा, की तुमच्यासाठी मी जीव तोडून लढेन, तुमचे गुपित राखेन, पण खोटी साक्ष उभी करणार नाही. हे ऐकून काही अशील उठून जातील. त्यांच्याबरोबर जाणारी फी, ही श्रद्धावान वकिलाने स्वतःच्या खिशातून भरायची किंमत आहे. ती अशिलाकडून वसूल करता येत नाही.