सरासरीत बुडालेला ऑगस्ट

(भोकर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी हयातभर अर्थशास्त्र शिकविले आणि त्यातली बरीच वर्षे विद्यार्थ्यांना सरासरी काढावयास शिकविण्यात गेली. आज त्याच सरासरीविरुद्ध साक्ष देण्यासाठी मी तुमच्यापुढे उभा आहे. माझा पुरावा एका महिन्याचा आहे : ऑगस्ट २०२३.

त्या वर्षी मोसमी पाऊस उशिरा आला. मराठवाड्यातील पेरण्या बव्हंशी जूनअखेर व जुलैच्या आरंभी झाल्या. जुलैच्या उत्तरार्धात नांदेड जिल्ह्याच्या अनेक भागांत अतिवृष्टी झाली. ओढे-नाले फुटले, पिके पाण्याखाली गेली. आणि मग आभाळ मिटले. आश्लेषा कोरड्या, मघाही जवळजवळ कोरड्या. त्या वर्षी श्रावण दोन होते. अधिक श्रावणाच्या आरंभी पुराचे पाणी उपसणारा शेतकरी निज श्रावणात ढगांकडे डोळे लावून बसला. प्रशांत महासागरात एल निनोची स्थिती होती, आणि मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला होता. तिकडे हिमाचलात डोंगर कोसळत होते, इकडे आपल्या भुईला भेगा पडत होत्या. देशाचा विचार केला तर १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. पाऊस सरासरीहून ३६ टक्के कमी पडला.

आता हिशेबाची गंमत पाहा. देशात जुलैमध्ये सरासरीहून १३ टक्के अधिक, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी, सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के अधिक. चारही महिन्यांची बेरीज केली तर हंगामाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के भरतो! कागदावर सहा टक्क्यांची तूट राहिली. परंतु सोयाबीनला बेरीज समजत नाही. ऑगस्टमध्ये ते फुलोऱ्यात असते, शेंगा धरू लागते. त्या तीन आठवड्यांत ओल नसेल तर फूल गळते. आणि गळलेले फूल सप्टेंबरच्या पावसाने परत झाडावर चढत नाही.

शासनाचे मोजमाप मात्र बेरजेकडे झुकलेले राहिले. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत नांदेड जिल्ह्यातील एकही तालुका नव्हता. नोव्हेंबरमध्ये आणखी महसूल मंडळांना सवलती देण्यात आल्या. त्यांची कसोटी अशी की, जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असावा आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत असावा. म्हणजे जुलैत ज्या पावसाने पीक वाहून नेले, तोच पाऊस शेतकऱ्याच्या नावावर जमा धरला जातो आणि ऑगस्टचे नुकसान त्यातून वळते होते. दुष्काळ संहितेत पावसाच्या खंडाचा निकष आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु सवलतीच्या दाराशी अखेर बेरीजच पहारा करीत असेल, तर त्या निकषाचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. आभाळ सर्वांवर सारखे असले तरी दुष्काळ सारखा नसतो. काळ्या, खोल जमिनीत ओल टिकते. मुरमाड माळावर ती आठवड्याभरात उडते. विहीर, वीजपंप व तुषार संच असलेला शेतकरी पीक तगवितो. माळावरचा अल्पभूधारक, गायरान कसणारा दलित, डोंगराकडचा आदिवासी यांना तो मार्ग नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्याचे काय? पाऊस थांबला की तण थांबते, तण थांबले की खुरपणी थांबते आणि खुरपणी थांबली की शेतमजूर बाईची रोजची मजुरी थांबते. पीकविमा सातबाराशी बांधलेला. बटाईदाराला तो क्वचितच मिळतो, मजुराला मिळतच नाही. फुलाचे नुकसान कोठे तरी नोंदले जाते; बुडालेला रोज कोणत्याही रकान्यात येत नाही.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला नेमका हाच धडा दिला होता. धान्याच्या अभावाइतकाच ते विकत घेण्याच्या ऐपतीचा अभाव माणसाला उपाशी ठेवतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला. त्या कायद्याचे मर्म असे की, दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता मजुराने काम मागावे आणि ते शासनाने द्यावे. ऑगस्टमध्ये मजुरी बुडाली आणि शासनाचा निर्णय ऑक्टोबरच्या अखेरीस आला. या मधल्या दोन महिन्यांत मजुराने सावकाराच्या दारात जावे, की मुलाबाळांसह कोयता घेऊन निघावे?

म्हणून साथींनो, घोषणा देण्यापूर्वी एक साधे काम करा. गावोगाव एक वही ठेवा. रोज पाऊस पडला की नाही ते तीत लिहा, पिकाची अवस्था लिहा, आणि त्या दिवशी गावात किती बायामाणसांना काम मिळाले तेही लिहा. मंडळाच्या गावी असलेले पर्जन्यमापक तुमच्या शिवाराची साक्ष देत नाही; ती तुम्हीच दिली पाहिजे. कोरड्या दिवसांची सलग मोजणी आणि बुडालेल्या मजुरीची नोंद, या दोन गोष्टी दुष्काळाच्या कसोटीत आल्या पाहिजेत, ही मागणी घेऊन तहसीलदारांकडे जा. जाताना वही बरोबर न्या. पाऊस पाडणे कोणत्याही सरकारच्या हाती नाही, परंतु तो न पडलेले दिवस प्रामाणिकपणे मोजणे निश्चितच त्याच्या हाती आहे.