धर्म बदलला की भाषाही बदलते का?



महाराष्ट्रातल्या बहुतेक ख्रिस्ती तरुणांनी कधी ना कधी ऐकलेलं एक वाक्य आहे : 'अरे वा, तुझं मराठी छान आहे की!' बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, तो कौतुकच करत असतो. पण हे कौतुक एका समजुतीतून येतं. ख्रिस्ती म्हणजे घरात इंग्रजी, संस्कृती बाहेरची, आणि मराठी आली तर ती बोनस.

आता दुसरी बाजू. आपल्या चर्चमध्येही एक सूर ऐकू येतो : 'साहित्य, राजकारण, मोर्चे, हे जगाचं झालं. आपण प्रार्थना करावी.' म्हणजे श्रद्धेसाठी रविवारचे दोन तास, आणि उरलेला आठवडा त्याच्याशी संबंध नसलेला.

गंमत बघा. ही दोन्ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघं मिळून एकच भिंत बांधतायत. एकजण म्हणतो, तुम्ही आमच्यातले नाही. दुसरा म्हणतो, आपण त्यांच्यातले नाही. आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांनी ही भिंत मानली नाही, आणि काहींना त्याची किंमतही मोजावी लागली.

सुरुवात गोव्यापासून. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यात आला. पुढची जवळपास चाळीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, तो इथेच राहिला. तिथे नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. पूर्वी ते पुराणं ऐकायचे, आता ती बंद झाली. त्यांच्या जागी काय? पोर्तुगीज प्रवचन आणि पाठ करायची प्रश्नोत्तरं. मनाला लागेल असं काही नाही.

स्टीफन्सनं त्यांच्यासाठी मराठीत पुराण लिहिलं, तेही ओवीत. 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. जवळपास ११ हजार ओव्या! छपाई रोमन लिपीत झाली, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. देवनागरीत ते छापून यायला १९५६ साल उजाडलं.

आमच्या कामात लोकलायझेशन नावाचा प्रकार असतो. ॲप मराठीत करायचं म्हटलं की बरेचदा काय होतं? बटणांवरचे शब्द भाषांतरित करतात आणि म्हणतात, झालं मराठी. पण वापरणारा माणूस कसा विचार करतो, कुठे अडतो, हे कुणी बघत नाही. स्टीफन्सनं नुसते शब्द बदलले नाहीत. लोक गोष्ट कशी ऐकतात, कुठल्या लयीत ती त्यांच्या लक्षात राहते, हे आधी समजून घेतलं.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धवट राहील. स्टीफन्स पोर्तुगीज सत्तेच्या छायेतच काम करत होता. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. देवळं पाडली गेली होती. लोकांना पुराणांची उणीव भासली, कारण ती त्यांच्याकडून काढून घेतली होती. आणि 'क्रिस्तपुराण' छापल्यावर ६८ वर्षांनी, १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला : तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडा आणि पोर्तुगीज बोला.

प्रदेश तोच, धर्म तोच. एकीकडे लोकांच्या भाषेत ११ हजार ओव्या, दुसरीकडे ती भाषाच पुसून टाकायचा हुकूम. त्यामुळे 'ख्रिस्ती धर्म संस्कृतीचं काय करतो?' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. तो हातात दंडुका घेऊन आला की कान उघडे ठेवून आला, यावर ते ठरतं. हे आपण ख्रिस्ती लोकांनी स्वतःहून बोललं पाहिजे. दुसऱ्यानं उकरून काढायची वाट बघू नये.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. त्यांचं नाव शाळेत ऐकलेलं असतं, पण त्यांचा हट्ट शाळेत शिकवत नाहीत.

रमाबाई संस्कृतच्या विदुषी. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटतं, धर्म बदलला म्हणजे प्रश्न मिटले. रमाबाईंचे तर तिथून पुढे सुरू झाले! वाँटेजच्या सिस्टरांना त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली. त्रैक्याचा सिद्धांत मी असाच का मानू? बिशप सांगतात म्हणून? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला? मला संस्कृत हवं, ती माझ्या देशाची भाषा आहे. सिस्टरांना हा अहंकार वाटायचा. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं : एका जोखडातून सुटले ते दुसरं मानेवर घ्यायला नाही.

आणि पुण्यात? १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, मुख्यतः विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३ मध्ये तिथल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत म्हणून गदारोळ झाला. 'केसरी'नं टीका केली, सल्लागार मंडळातल्या सुधारकांनीही हात काढून घेतला. तिकडे चर्च म्हणतंय, तुम्ही पुरेशा ख्रिस्ती नाही. इकडे पुणं म्हणतंय, तुम्ही फारच ख्रिस्ती आहात. अशा वेळी आपण काय करतो? अकाउंट प्रायव्हेट करतो. रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि बायका तिथे आणल्या. आणि आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली, साध्या बाईलाही वाचता यावं म्हणून. ते छापायचं कामही मुक्तीतल्या बायकांनी केलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक १९२४ मध्ये आलं.

यातून मी काय घेतो? डोकं दाराबाहेर ठेवून चर्चमध्ये जायचं नसतं. प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नाही. उलट ज्याला फरकच पडत नाही, तो प्रश्न कशाला विचारेल?

तिसरी जोडी तुम्हाला माहीत असेल : नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. घर तुटलं, काही वर्षं दोघं वेगळे राहिले. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, चर्चमध्ये भजन-कीर्तन आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशा अर्थाचं ते बोलायचे. मागे जे होतं ते सगळं जाळून पुढे जायचं, असं त्यांना वाटत नव्हतं.

पण मला जास्त जवळच्या वाटतात त्या लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्यात वाढलेली, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई. जातिभेद देवानं नाही, माणसानं केलाय, हे त्यांना स्वतःच्या विचारानं उमगलं आणि मग त्या बदलल्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' १९३० च्या दशकात आलं. आज ते 'ख्रिस्ती पुस्तक' म्हणून कुणी वाचत नाही, मराठीतलं एक उत्तम आत्मचरित्र म्हणून वाचतात. त्यात प्रचार शोधून सापडत नाही. भांडणं, हट्ट, फजिती, रडणं, हसणं, सगळं आहे. खरं बोलणाऱ्या माणसाचं ऐकायला धर्म आड येत नाही, एवढं त्या पुस्तकानं सिद्ध केलंय.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई हे तिघंही ब्राह्मण घरातले, म्हणून त्यांच्या गोष्टी लिहिल्या गेल्या. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, त्या भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आले. त्यांच्यासाठी धर्म बदलणं म्हणजे शाळेचं दार उघडणं आणि माणूस म्हणून हाक मारली जाणं होतं. त्यांची 'स्मृतिचित्रे' फार थोडी लिहिली गेली. आणि चर्चमध्ये आल्यावर जात दाराबाहेर राहिली का? लग्नं जुळवताना बघा, उत्तर मिळेल. समाजाला आरसा दाखवायचा तर आधी आपण त्यात बघावं लागतं.

आता आपल्या काळाकडे येऊ. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. 'सुबोध बायबल' त्यांनी मराठीत आणलं, 'सुवार्ता' मासिक अनेक वर्षं चालवलं. पण वसईच्या लोकांना ते आठवतात पाण्यासाठी.

वसईच्या वाड्यांमधून केळी, पानं, फुलं, भाजी मुंबईला जायची. मग इमारती उठायला लागल्या आणि वाड्यांतल्या विहिरींचं पाणी टँकरनं विकलं जाऊ लागलं. समुद्राकाठी गोडं पाणी प्रमाणाबाहेर उपसलं की खारं पाणी आत सरकतं. एकदा विहीर खारी झाली की वाडी संपली. दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई'च्या आंदोलनात उतरले. बिल्डर आणि गुंड यांच्यासमोर उभं राहायचं म्हणजे गंमत नव्हती.

तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेलच : फादर, हे तुमचं काम आहे का? मला वाटतं, तेच त्यांचं काम होतं. ज्या माणसाच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायचं, त्याच्या विहिरीच्या पाण्याचं काय झालं, हे विचारायला नको? आणि विहीर हिंदूची असो की ख्रिस्ती माणसाची, खारं पाणी धर्म विचारून आत येत नाही. म्हणून त्या लढ्यात सगळे होते.

या सगळ्यांत मला सारखी दिसलेली गोष्ट एकच. स्टीफन्स, रमाबाई, लक्ष्मीबाई, दिब्रिटो, यांनी समाजाशी बोलताना समाजाला उलटं बोलायची जागा दिली. मराठीत लिहिलं म्हणजे मराठी वाचक चूक काढणार. मोर्च्यात गेलं म्हणजे शेजारचा जाब विचारणार. भिंतीच्या आत बसून बोलणाऱ्याला हा धोका नसतो, आणि त्याचं ऐकणारंही कुणी नसतं.

आज हा धोका जास्त आहे, मान्य आहे. धर्मांतराच्या नावानं एखादा फॉरवर्ड फिरतो आणि साध्या प्रार्थनासभेकडेही लोक संशयानं बघायला लागतात. घरचे सांगतात, 'गप्प बस, नोकरी सांभाळ.' त्यांची भीती खोटी नाही. पण गप्प बसलं की आपल्याबद्दलची गोष्ट दुसरेच लिहितात, हेही तितकंच खरं.

म्हणून तुम्हाला तीन कामं. एक, 'स्मृतिचित्रे' वाचा. लायब्ररीत सहज मिळतं. दोन, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. सामवेदी असो, वाडवळी असो, नगरी मराठी असो, त्यांचे शब्द गेले की परत येणार नाहीत. तीन, तुमच्या वॉर्डात किंवा गावात पाणी, कचरा, शाळा, जो प्रश्न असेल त्याच्या पुढच्या मीटिंगला जा. चर्चचे म्हणून नाही, तिथले रहिवासी म्हणून.

आणि तुम्ही ख्रिस्ती नसाल तर तुमच्यासाठी एक काम : तुमच्या ख्रिस्ती मित्राला त्याच्या गावाबद्दल विचारा. तो मराठी कसा बोलतो, हे राहू दे. त्याच्याकडे सांगायला काय आहे, ते ऐका.

हा एपिसोड ज्याच्याशी वाद घालायला आवडेल अशा एका माणसाला पाठवा, आणि त्याचं म्हणणं मला कळवा. भेटूया पुढच्या वेळी!