प्रवेश मुलाचा, नियम घराचे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



मुलाला गायनाच्या अथवा तबल्याच्या वर्गात घालताना पालक प्रवेश-अर्जाच्या दर्शनी बाजूवर नाव, वय, इयत्ता लिहितात, फीचा आकडा विचारतात, वार व वेळ पाहतात आणि मागील बाजूस छापलेल्या नियमांखाली न वाचताच सही करतात. साडी खरेदी करताना पदर उलगडून पाहणारे, रंग जाईल की राहील हे तीनदा विचारणारे हेच घर असते! त्या न वाचलेल्या मागील बाजूविषयीच आज विचार करावयाचा आहे. संगीतवर्गाचे नियम वरकरणी मुलासाठी असतात. परंतु सात वर्षांचे मूल स्वतः वेळेवर येत नाही, स्वतः फी भरत नाही, शिकणे सोडण्याचा निर्णयही स्वतः घेत नाही. ते सर्व घर करते. म्हणून ते नियम घराचे होत.

पूर्वी असे छापील नियम नव्हते. विद्यार्थी गुरुगृही राहावयास जाई, पडेल ते काम करी, आणि गुरूंच्या मनात येईल तेव्हा शिकावयास मिळे. मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे पंडित विष्णू दिगंबर पलुसकर अशाच पद्धतीने शिकले. मूळचे कुरुंदवाडचे, लहानपणी फटाक्यामुळे डोळ्यांना इजा झाली, शाळेचे शिक्षण अशक्य झाले, म्हणून ते गाण्याकडे आले. त्यांनीच ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि संगीताच्या शिक्षणास घंटा, हजेरी, इयत्ता, अभ्यासक्रम आणि फी ही शिस्त आणली. त्या काळी गाणे शिकणे म्हणजे मुलगा बिघडणे अशी प्रतिष्ठित घरांची समजूत होती. मूल कोठे जाते, किती वेळ बसते, काय शिकते हे कागदावर दिसू लागले, तेव्हा कोठे घरे धीट झाली. संगीतशाळेच्या नियमांचा पहिला उपयोग हाच: त्यांनी घराच्या मनातील भय घालविले.

पलुसकरांच्या विद्यालयात विद्यार्थी दोन प्रकारचे होते. काही फी देऊन ठरल्या वेळी शिकून जात. काही विद्यालयातच राहत. त्यांचा निवास, भोजन आणि शिक्षण विनामूल्य असे. या दुसऱ्या वर्गातील मुलांच्या पालकांकडून कित्येक वर्षांचा लेखी करार करून घेतला जाई. मुलाला दोन राग आले, चार माणसांत वाहवा मिळाली की त्याला मध्येच घरी घेऊन जाता येणार नाही, हे त्याचे मर्म. व्यापारी माणसाला हा करार चटकन उमजतो. ज्याने भांडवल घातले, त्याला माल तयार होईपर्यंत मुदत हवी. हा करार कठोर वाटेल, लहान मुलांच्या बाबतीत तो कठोर होताही. परंतु त्या मुदतीतून कोण बाहेर पडले ते पाहावे. मिरज संस्थानच्या शिष्यवृत्तीवर गेलेले विनायकराव पटवर्धन, ज्यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. कोल्हापूरचे नारायणराव व्यास. आणि पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्राचार्य झालेले ओंकारनाथ ठाकूर.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती सहसा गौरवाच्या भाषणांत येत नाही. १९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आले. पुढे कर्ज काढून मोठी इमारत बांधली. राहणाऱ्या मुलांचा खर्च पंडितजी आपल्या जलशांच्या उत्पन्नातून भागवीत. एका माणसाच्या गळ्यावर साऱ्या संस्थेचा जमाखर्च उभा होता. १९२४ च्या सुमारास धनकोंनी इमारतीचा लिलाव करविला, आणि पंडितजी नाशिकला जाऊन राहिले. मुलांना विनामूल्य शिकविले ही चूक नव्हे. चूक ही की, तो भार वाटून घेणारी घरे संस्थेमागे उभी केली गेली नाहीत. मुदतीची जबाबदारी पालकांवर होती, खर्चाची मात्र कोणावरच नव्हती.

म्हणून फीविषयी थोडे स्पष्ट बोलणे योग्य. ‘मूल या महिन्यात दोनच वेळा आले, मग पूर्ण फी कशाची?’ हा प्रश्न प्रत्येक संगीतवर्गात विचारला जातो. गाळा भाड्याने घेऊन आठ दिवस दुकान बंद ठेवले, तर मालक भाडे कमी करीत नाही. कारण त्या आठ दिवसांत तो गाळा दुसऱ्या कोणास देता आला नसता. शिक्षकाची बुधवारची पाच ते सहा ही वेळ तशीच आहे. मूल लग्नाला गेले तरी ती वेळ त्याच्याच नावावर राखलेली असते. मात्र नियम दुतर्फा हवा. शिक्षकाचा कार्यक्रम असेल आणि वर्ग बुडाला, तर तो भरून दिला पाहिजे, आणि हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे. वर्ग सोडावयाचा असल्यास एक महिना आधी कळवावे, या अटीवर पालक रुष्ट होतात. परंतु शिक्षकाचेही घर असते, आणि परीक्षा संपताच मे महिन्यात अर्धा वर्ग न सांगता रिकामा झाला म्हणजे त्या घरात काय होते याचा विचार क्वचितच होतो.

फीपेक्षाही महत्त्वाचा नियम रियाजाचा. जपानमधील व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो या गावी लहान मुलांना शिकविण्यास आरंभ केला. त्यांच्या पद्धतीत प्रथम आई किंवा वडील वाद्य हाती घेऊन एखादी सोपी धून शिकतात. मूल नुसते बघते. काही दिवसांनी ते मूलच वाद्य मागते. पुढेही पालक प्रत्येक पाठास उपस्थित राहतात, टिपणे घेतात आणि घरी रोजचा सराव करून घेतात. येथे पालकांची उपस्थिती ही सवलत नसून अट आहे. मुले मातृभाषा जशी घरात ऐकून शिकतात, तसेच संगीतही शिकतात, हा त्या अटीमागील विचार.

आपल्याकडे आईने प्रथम हार्मोनियम शिकावी असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु रोज वीस मिनिटे घरातील दूरदर्शन बंद ठेवणे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणे आणि तानपुऱ्याचे यंत्र लावून मुलाशेजारी नुसते बसणे, एवढे कोणत्याही घरास शक्य आहे. बसावे मात्र गप्प! ‘हा सूर चुकला’ असे दर ओळीला सांगणारे पालक मुलाला गाण्याची नव्हे, आपली भीती शिकवितात.

परीक्षांविषयीची घाईही घरातूनच येते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ पलुसकरांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी स्थापन केले. त्याच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांनी चढत जातात. पायरी चढण्यासाठी असते, ओलांडून उडी मारण्यासाठी नव्हे. शेजारच्या मुलीने मध्यमा दिली म्हणून आपल्याही मुलीला बसवावे, या मागणीस शिक्षकाने ‘अजून नाही’ म्हणावे आणि घराने ते मान्य करावे, असा नियम लेखी असणे बरे. त्यामुळे शिक्षकाचा संकोच वाचतो.

एक नियम बहुतेक ठिकाणी नसतोच, आणि त्याच्या अभावी फार मुले गळतात. मुलग्यांचा आवाज साधारणपणे बाराव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान फुटतो आणि जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. कालपर्यंत स्पर्धेत बक्षीस मिळविणारा मुलगा वरच्या षड्जावर अडखळतो, लाजतो, आणि घरचे म्हणतात, ‘याचा आवाज गेला, वर्ग बंद करा.’ आवाज गेलेला नसतो; नवा येत असतो. या काळात स्वर उतरवून, जोर न देता, थोडेच गाववावे, तबला किंवा हार्मोनियमकडे वळवावे, पुष्कळ ऐकवावे, पण नाव हजेरीपटावर ठेवावे. दहावीच्या वर्षासाठीही अशीच तरतूद हवी: फी कमी, तास महिन्यातून दोन, जागा राखीव. पूर्ण खंड पडलेले मूल परत येणे कठीण असते. महिन्यातून दोनदा येणारे मूल निकालानंतर बहुधा परत येते.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. गुरूविषयीचा आदर ही आपली थोर परंपरा. परंतु त्या आदराच्या आडून ‘गुरुजींना कसे विचारावे?’ असा संकोच घरात येत असेल, तर तो आदर नव्हे. एकट्या मुलाला शिकविताना दार उघडे असावे. मुलाला कोण घेऊन जाणार हे नोंदलेले असावे. अन्य कोणी आल्यास घरी दूरध्वनी केल्याविना मूल सोडू नये. संध्याकाळी पालकांना उशीर झाला, तर मूल कोणाजवळ थांबेल हेही ठरलेले असावे. २०१२ चा पॉक्सो कायदा असे सांगतो की, बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे. न कळविणे हाही अपराध आहे. संस्थेचे नाव खराब होईल, हे कारण तेथे चालत नाही. मूल एकाएकी वर्गास जावयास नकार देऊ लागले, तर त्यास आळशी ठरविण्यापूर्वी शेजारी बसवून शांतपणे विचारावे.

राहिला प्रश्न ज्यांना फी परवडत नाही त्या घरांचा. ओंकारनाथ ठाकूर भडोचमध्ये अत्यंत दारिद्र्यात वाढले. तेथील एका पारशी दानशूर गृहस्थांनी त्यांना पलुसकरांकडे पाठविण्याची व्यवस्था केली. सवलत अशीच, मूल पाहून द्यावी. मात्र ती वही अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष या दोघांनीच पाहावी. सवलतीच्या मुलाला पावतीही इतरांसारखीच आणि त्याच रंगाची मिळावी, स्नेहसंमेलनात त्याचे नाव देणगीदाराच्या नावासोबत वाचले जाऊ नये, आणि सतरंजीवर त्याची जागा हजेरीच्या क्रमानेच असावी.