मत हे दान नव्हे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला राजकारण कशाला, असे काहींच्या मनात येईल. पण निवडणूक आली की आपल्या वस्तीत एकच सवाल फिरतो, “यंदा कोणाले द्यायचं?” एका घरात चार मते असतात आणि ती चार निशाण्यांवर जातात. त्याचे आम्हाला दुःख नाही. दुःख याचे आहे की निकालानंतर सख्खे भाऊ बोलेनासे होतात आणि बुद्धपौर्णिमेच्या खिरीला एक घर कमी येते. म्हणून आम्ही हा विषय मुद्दाम घेतला. अमक्या पक्षाला द्या, हे सांगायला आम्ही उभे नाही. ठरवायचे कसे, एवढेच बोलणार आहोत.

प्रथम शब्दच पाहू. ‘मतदान’ म्हणतात, पण मत हे दान नव्हे. आपण भिक्षुसंघाला दान देतो तेव्हा परतफेड मागत नाही. मागितली तर त्या दानाचे पुण्य नाही. मताचे उलटे आहे. मत देऊन हिशेब न मागणे हाच दोष. मत म्हणजे पाच वर्षांचा करार आहे, आणि करार वाचल्याशिवाय आपण अंगठाही लावत नाही. राहिला विकण्याचा प्रश्न. पाचवे शील मोडायला मतदानाच्या आदल्या रात्रीइतकी सोय वर्षभरात कधी नसते, हे आम्ही सांगायला नको. बाटलीवर मत गेले की करारही गेला आणि शीलही गेले.

आता “बाबासाहेबांचा पक्ष आहे, डोळे मिटून मारा शिक्का” असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांच्या निष्ठेला आमचा प्रणाम. पण बाबासाहेबांनी स्वतः काय केले? १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्यात कामगार-शेतकरी जोडण्याचा विचार होता. नावावर विलायतेच्या मजूर पक्षाची छाया होती. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे केले, कारण आपल्या हक्कांची बोलणी करायला आपली वेगळी संघटना पाहिजे होती. शेवटी फेडरेशनही विसर्जित करून सर्वांसाठी खुला रिपब्लिकन पक्ष काढायचे त्यांनी ठरवले. तो त्यांच्या पश्चात ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात स्थापन झाला. वीस वर्षांत तीन पक्ष, आणि ध्येय मात्र एकच. म्हणजे पक्ष हे त्यांच्या दृष्टीने साधन होते. होडी नदी ओलांडायला असते, डोक्यावर घेऊन फिरायला नसते, हे तर भगवंतांनी धम्माबद्दलही सांगितले. मग पक्षाची काय कथा?

आणि बाबासाहेब युती करत नव्हते असेही नाही. १९५२ च्या निवडणुकीत हत्ती निशाणीवर उभ्या फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती. तरी मुंबईत ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. तिथे एक जागा खुली आणि एक राखीव होती, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. खुल्या जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर संविधानाचे शिल्पकार सुमारे आठ हजार मतांनी हरले. एकटी आपली मते कितीही घट्ट असली तरी दुसऱ्याची जोड नसेल तर जागा येत नाही, हा धडा आपल्या विदर्भातल्याच जिल्ह्याने शिकवला.

याचे कारण निवडणुकीच्या पद्धतीत आहे. ही पद्धत आपण विलायतेकडून घेतली. जो सर्वांत पुढे तो निवडून येतो, बाकीच्यांच्या मतांना सभागृहात जागा नाही. जुलै २०२४ मध्ये त्याच विलायतेत सार्वत्रिक निवडणूक झाली. मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मते पडली आणि ६५० पैकी ४०० हून अधिक जागा मिळाल्या. रिफॉर्म नावाच्या पक्षाला सुमारे १४ टक्के मते पडली, पण जागा आल्या ५. लिबरल डेमोक्रॅट पक्षाला त्यांच्याहून कमी, सुमारे १२ टक्के मते आणि जागा ७२. असे का झाले? एकाची मते सगळीकडे पातळ पसरली होती, दुसऱ्याची ठराविक ठिकाणी घट्ट होती. तिथलेही मतदार डोके खाजवतात की मनातल्या पक्षाला द्यावे की नको असलेल्याला पाडणाऱ्याला द्यावे. तेव्हा हा पेच आपल्या एकट्याचा नाही.

आता आपल्या घरची उदाहरणे घ्या. १९९८ साली रिपब्लिकन गट एक झाले, काँग्रेसशी समझोता केला आणि चार खासदार निवडून आले : अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा खुल्या. पुढच्याच वर्षी एकी विस्कटली आणि चाराचे दोन झाले. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीला राज्यात सुमारे ७ टक्के मते पडली. जागा मिळाली ती औरंगाबादची, तीही सोबतच्या पक्षाला. २०१४ साली बहुजन समाज पक्षाला उत्तर प्रदेशात सुमारे २० टक्के मते पडून लोकसभेची एकही जागा आली नाही.

“मग आपल्या पक्षाले मत देणं म्हणजे पाण्यात टाकणं,” असे काही लोक लगेच म्हणून राहिले. थांबा. हाच बहुजन समाज पक्ष १९८४ साली निघाला तेव्हा हरण्यासाठीच लढत होता. हरत हरत त्याने माणसे जोडली, आणि २००७ साली उत्तर प्रदेशात स्वबळावर सरकार आणले. म्हणजे हरलेले मत फुकट जातेच असे नाही. त्या मतामागे पाच वर्षे काम असेल तर ते बी आहे. निवडणुकीआधी पंधरा दिवस पत्रक छापून, कोणाची तरी मते कापायला उभा राहणारा असेल तर ते भुसा आहे. दोघांचा झेंडा निळाच असतो. म्हणून झेंडा पाहू नका, पाच वर्षांत तो माणूस दारी किती वेळा आला ते पाहा.

आपल्या जिल्ह्याचेही मन एका पक्षाला बांधलेले नाही. सेवाग्रामचा जिल्हा म्हणून काँग्रेस इथे घट्ट, असे म्हणत. त्याच वर्ध्याने १९९१ साली वसंत साठेंना पाडून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांना लोकसभेत पाठवले. २०२४ साली लोकसभेला भाजपचे रामदास तडस पडले, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे अमर काळे आले. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा या चारही विधानसभा भाजपने जिंकल्या. जिथे वारा असा फिरतो तिथे संघटित मताला भाव असतो. विखुरलेल्या मताला कोणी विचारत नाही.

मग करायचे काय? आम्ही गिरणी कामगार, म्हणून गिरणीचीच रीत सांगतो. बोनसची बोलणी करायची तर मागणीपत्र आधी लिहावे लागते. मागणीपत्राशिवाय साहेबासमोर गेलो तर चहा मिळतो, बोनस मिळत नाही. आपण मात्र निवडणुकीत उमेदवाराला हार घालतो, जयभीमचा नारा ऐकून खूश होतो आणि कागद हातात देतच नाही.

आमची सूचना अशी. निवडणूक लागण्याआधी वस्तीची बैठक घ्या. बायांना आणि अठरा वर्षांच्या पोरापोरींना पुढे बसवा. १९८९ पासून मताचे वय एकवीसचे अठरा झाले, पण आपल्या बैठकीत त्यांना अजून सतरंज्या उचलायलाच बोलावतात. बैठकीत पाच मागण्या लिहा. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी. अनुसूचित जातींसाठीच्या योजनेचा पैसा दुसरीकडे वळवू नये. रमाई घरकुलाचे हप्ते अडवू नयेत. राखीव पदांचा अनुशेष भरावा आणि कंत्राटी भरतीच्या आडून आरक्षण बुडवू नये. १ ऑगस्ट २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, त्यावर उमेदवाराची भूमिका काय, हे स्पष्ट विचारावे. कागद प्रत्येक उमेदवाराला द्या, निळ्या झेंड्याच्याही. कोण सही करतो, कोण टाळतो, ते फलकावर लावा, पण तो फलक चौकात असू द्या.

त्यानंतर निवडणूक कोणती हे पाहा. ग्रामपंचायत, नगर परिषद असेल तर वार्ड लहान असतो, आपली मते मोजण्याइतकी असतात. तिथे आपल्या चळवळीतल्या कामाच्या माणसाला उभे करा आणि निवडून आणा. नेते तिथेच घडतात. लोकसभा-विधानसभेला गणित करा. आपला पक्ष ताकदीने, युतीने लढत असेल तर त्याला द्या. तशी स्थिती नसेल तर सही करणाऱ्यांपैकी जिंकू शकणारा कोण, आणि संविधानाने दिलेले हक्क कोणाच्या हातून जाण्याची भीती आहे, हे पाहून ठरवा.

कोणी म्हणेल, कागदाने काय होते? बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० साली मिळाल्या, विश्वनाथ प्रतापसिंहांच्या सरकारात. दीक्षेनंतर चौतीस वर्षे ती मागणी मांडत राहावे लागले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ सालचा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मध्ये सोळा वर्षे लोकांनी मार खाल्ला, घरे जळाली, जीव गेले. ही दोन्ही कामे आपल्या पक्षाच्या सरकारने केलेली नाहीत. सरकारे बदलली, मागणी बदलली नाही, म्हणून ती झाली.

शेवटी विहाराबद्दल. निवडणुकीची आचारसंहिता प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर करू देत नाही, आणि कायदा नसता तरी आम्ही तेच म्हटले असते. विहारातून कोणत्याही पक्षाचा आदेश निघू नये. कालामांना भगवंतांनी सांगितले की परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण दिली की भिक्षुसंघाला ठराव, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे ठाऊक होते; आणि त्याच भाषणात राजकारणातल्या विभूतिपूजेपासून सावध केले. वज्जी लोक जोवर एकत्र जमतात, एकोप्याने उठतात, तोवर त्यांचा ऱ्हास नाही, हेही भगवंतांचेच सांगणे. वज्जींचे सर्वांचे मत एकच होते, असे कोठे म्हटलेले नाही. ते जमत होते, एवढे महत्त्वाचे.

तेव्हा बैठकीत कडाडून भांडा, मतपेटीपाशी आपल्या बुद्धीने ठरवा, आणि निकालाच्या संध्याकाळी वंदनेला सगळे या. निवडून आलेल्याला सहा महिन्यांनी चौकात बोलवा आणि तोच कागद पुढे ठेवा. तो आला नाही तर आपण त्याच्या दारी जाऊ. सगळी घरे मिळून जाऊ, ज्यांनी त्याला मत दिले नाही तीही.

 नमो बुद्धाय ! जयभीम !